आंब्याच्या कलमाच्या शेंड्यांना दरवर्षी जाळी धरते? फवारणी सगळ्यात शेवटी

लक्षणं

लांबून बघितलं तर कुणीतरी पेटती चूड फिरवून शेंडे भाजलेत असं वाटतं. कलम हिरवंगार, आणि त्यात जागोजागी तपकिरी वाळक्या पानांचे झुपके. वारा आला तरी ती पानं गळत नाहीत, कारण बारीक पांढरट धाग्यांनी ती एकमेकांना बांधलेली असतात. झुपका हातात दाबला की कुरकुरतो आणि त्यातून खसखशीएवढे काळपट दाणे सांडतात. ती अळीची विष्ठा. जाळं ताजं असेल तर उघडल्याबरोबर फिकट हिरवी, पाठीवर गडद पट्टे असलेली, तपकिरी डोक्याची अळी वळवळत मागे सरकते, नाहीतर धाग्याला लोंबकळत खाली उतरते.

सुरुवातीची खूण मात्र एवढी ठळक नसते. अंड्यातून नुकत्या निघालेल्या अळ्या घोळक्याने राहतात आणि पानाचा फक्त हिरवा थर खरवडून खातात. पान फाटत नाही, पण उजेडाकडे धरलं तर उडवायच्या पतंगाच्या कागदासारखं दिसतं. मोठ्या झाल्या की त्या पानं शिवून घेतात आणि शिरा तेवढ्या ठेवून बाकी सगळं फस्त करतात. पावसाळ्याच्या मध्यापासून हे सुरू होतं, दिवाळीच्या आगेमागे डोळ्यांत भरतं. पुढे बाकीच्या कलमाला पालवी किंवा मोहोर फुटत असताना या शेंड्यांवर काहीच हालचाल नसते. खरं नुकसान तिथे आहे. पानं परत येतील, पण आंब्याला मोहोर शेंड्यावर येतो, त्यामुळे त्या शेंड्याचा त्या सालचा आंबा गेला.

या अळीचं पुस्तकातलं नाव ऑर्थागा. आमच्याकडे नुसतं ‘जाळी’. राजापूरच्या बाजूला आमची साठेक कलमं आहेत, शिवाय शेजारच्या दोन वाड्यांतली मी कराराने करतो. चौदा-पंधरा वर्षं हीच जाळी बघतोय. लोकांचा प्रश्न ठरलेला असतो: “दोनदा मारलं औषध, तरी परत आली. आता कुठलं मारू?” औषध बदलून हा प्रश्न सुटताना मी अजून बघितलेला नाही. खालचा क्रम फुकटच्या कामापासून खर्चाच्या कामाकडे जातो. तो मोडू नका, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचा उपयोग आधीची केली असेल तरच होतो.

पहिलं: ही तीच अळी आहे का, आणि ती घरात आहे का

याला खर्च शून्य. एक झुपका तोडा आणि उघडून बघा. झाडाखाली उभं राहून मान वर करून केलेलं निदान बहुतेक वेळा चुकतं.

पानं हिरवी आहेत, पण शिवून चेंडू केलाय आणि हात लावल्यावर लाल मुंग्या तुटून पडल्या, तर ते ओंबिलांचं घर. तळकोकणात त्यांना हुमले म्हणतात. ते पाडू नका. चावतात, आंबा काढताना शिव्या द्यायला लावतात, सगळं खरं. पण त्या अळ्याही उचलून नेतात. माझ्या बागेत ओंबिलांची पाच-सहा घरं असलेल्या कलमावर जाळी कमीच दिसते. आमच्या एका काकांनी ‘जाळी’ समजून ओंबिलांची घरं जाळली होती. अळी तशीच राहिली, राखणदार तेवढे गेले.

कोवळा शेंडा मान टाकून सुकलाय, जाळं नाही, आणि चिरल्यावर आत पोकळ बोगदा आहे, तर ती शेंडा पोखरणारी अळी. झाडाखाली कोवळी पानं कात्रीने कापल्यासारखी पडलेली असतील तर ते पान कापणाऱ्या भुंग्याचं काम. फांदी टोकाकडून मागे वाळत आलीय, धागे नाहीत, दाणे नाहीत, तर ती फांदीमर, म्हणजे बुरशीचा रोग. या तिघांवर जाळ्या ओढून काहीही होणार नाही. पावसाळा संपताना सागाची पानं चाळणीसारखी झालेली बघूनही फोन येतात. ती सागाची वेगळी अळी. ती पानाची चाळण करते, आणि सागाला पुढच्या पावसात नवी पानं येतात. ती आंब्यावर येत नाही, निर्धास्त राहा.

आता दुसरा भाग. झुपका अळीचाच आहे, पण आत अळी आहे का? चार-पाच वेगवेगळे झुपके उघडा. आत फक्त कोरडे दाणे आणि रिकामी कोषाची टरफलं असतील तर घर सोडून झालंय. मी सुरुवातीच्या एका वर्षी जानेवारीत दोन पिंपं औषध अशा रिकाम्या घरांवर मारलं. पुढच्या सप्टेंबरात जाळी पहिल्यासारखीच, आणि मी दुकानदाराशी भांडायला गेलो की माल बनावट आहे म्हणून. माल चांगला होता, मारणारा महिना चुकला होता.

दुसरं: मोजणी

बागेतून एक फेरी. ज्या कलमावर झुपके आहेत त्याच्या बुंध्याला चुन्याचा ठिपका द्या. पाचाच्या आत असतील तर एक, जास्त तर दोन, सगळं झाड भरलं असेल तर तीन. कोणत्या बाजूला आहेत तेही बघा.

हे का करायचं? जाळी बागभर सारखी नसते. दोन-तीन कलमं दरवर्षी तीच असतात, आणि ती जवळजवळ नेहमी दाटीतली असतात: फांद्या एकमेकांत गेलेल्या, खाली दुपारीही काळोख. बहुतेकदा सुरुवात आतल्या आणि सावलीकडच्या बाजूने होते. चुन्याचे ठिपके एकदा उभे राहिले की तुमच्या बागेचा नकाशा तयार झाला, आणि साठ कलमांच्या जागी बारा कलमांचं काम उरतं. मी हे ऑगस्टच्या शेवटाला, पावसाची उघडीप बघून करतो. दिवाळीला केलं तर उशीर होतो. तोवर अळीची एखादी पिढी उरकलेली असते.

तिसरं: जाळ्या ओढून काढणं

हेच खरं काम. यावर सगळ्यात जास्त वेळ घाला.

लांब बांबूच्या टोकाला आकडी बांधा. आंबा काढायच्या झेल्याच्या काठीला वाकवलेला खिळा किंवा जाड तार बांधली तरी चालते. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने यासाठी खास अवजार केलंय, पण आकडी आणि मनगट असेल तर त्यावाचून अडत नाही. आकडी झुपक्यात घालून दोन पीळ द्यायचे, घरातली कोळिष्टकं काढताना झाडू फिरवतो तसे, आणि खाली खेचायचं. जाळं आकडीला गुंडाळून येतं. नुसतं झोडपलं तर जाळं फाटतं, अळ्या धाग्याने खाली उतरतात आणि संध्याकाळपर्यंत बुंध्यावरून परत वर.

म्हणून आधी खाली ताडपत्री किंवा जुन्या साड्या अंथरा. जमा झालेले झुपके साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा खताच्या प्लास्टिक पिशवीत भरून तोंड घट्ट बांधून दोन दिवस उन्हात कातळावर टाका. जाळायचं म्हणतात सगळे. पावसाळ्यात जाळा खुशाल. नोव्हेंबरात सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत वाळलेलं असतं, तेव्हा बागेत काडी लावू नका. एका ठिणगीने वणवा लागून अख्ख्या वाडीची कलमं होरपळतात, मग जाळी परवडली म्हणायची वेळ येते. कोंबड्या असतील तर ताडपत्री त्यांच्यासमोर झटका, त्या तुमच्यापेक्षा नीट निवडतात.

या पायरीला एवढं महत्त्व का, तर फवाऱ्याचा थेंब जाळ्याच्या बाहेर बसतो आणि अळी जाळ्याच्या आत खाते. चार थर वाळकी पानं, मध्ये धाग्यांचं अस्तर, त्यात विष्ठा कोंबलेली. पागोळ्यांचा पाऊस त्यातून आत जात नाही, तुमचं औषध कुठून जाणार? दोनदा फवारूनही परत येते त्याचं कारण बहुतेक हेच.

एका ओढणीत काम संपत नाही. अंडी फुटायला चार ते आठ दिवस लागतात, म्हणजे आज जी पानं स्वच्छ दिसतात त्यांच्या शिरांलगत अंडी असू शकतात. दहा-बारा दिवसांनी दुसरी फेरी मारा. ही फेरी अर्ध्या वेळात होते, म्हणून लोक ती टाळतात आणि मग म्हणतात ओढूनही उपयोग झाला नाही.

गड्याला आधी समजावून सांगा, की वाळकं पान दिसलं म्हणून फांदी मोडायची नाही. ज्या फांदीला तीन शेंडे आहेत आणि एकालाच जाळं, तिथले दोन शेंडे आंबा देणारे आहेत.

चौथं: ऊन आत येतं का

दुपारी बाराच्या सुमाराला झाडाखाली जा आणि जमीन बघा. उन्हाचे कवडसे पडलेत का? चुन्याचे तीन ठिपके असलेल्या कलमाखाली बहुतेक वेळा पडलेले नसतात.

हापूसची जुनी लागवड दहा बाय दहा मीटरवर, हेक्टरी शंभर झाडं. लावताना एवढी मोकळी जागा बघून आजोबांना लोक हसले असतील. पण पन्नास वर्षांत कलमं एकमेकांच्या अंगावर गेली. दाट, दमट, वारा नसलेली सावली या अळीला हवी तशी. जाळ्या कितीही ओढल्या तरी ही सावली तशीच राहिली तर पुढच्या वर्षी या अळीचा पतंग तिथेच येऊन अंडी घालतो. तिसऱ्या पायरीने या वर्षीची जाळी जाते, चौथ्याने पुढच्या वर्षीची.

आंबा उतरल्यावर, पावसाचा जोर धरायच्या आधी, आतल्या वाळक्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि मधोमध सरळ वर गेलेल्या फांद्या काढा. बांडगूळ असेल तर तेही त्याच हाताने, फांदीच्या तुकड्यासकट. बांडगूळ नुसतं ओरबाडलं तर परत फुटतं. कोयत्याने ठोसे मारू नका, करवत वापरा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, आणि प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी घमेलं मोरचुदाने खाल्लं जातं.

एका वर्षात झाड उघडं पाडायचा मोह आवरा. मनगटाएवढ्या फांद्यांपर्यंत आपण. मांडीएवढी फांदी कापायची वेळ आली तर ते जुन्या बागेचं पुनरुज्जीवन झालं, त्याचं शास्त्र वेगळं आहे. मोठे घाव उघडे राहिले की भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, लागतं, आणि भिरूड लागलेल्या कलमापुढे जाळी म्हणजे सर्दी-पडसं.

पाचवं: झाडाखालची माती

एरवी ही अळी जाळ्यातच कोष करते आणि थोड्याच दिवसांत पतंग होऊन बाहेर पडते. हंगामाच्या शेवटच्या अळ्या मात्र थंडीत खाली उतरून मातीत कोष करतात आणि तिथेच महिनोन्महिने पडून राहतात. ‘झाडावर एक जाळं ठेवलं नाही, तरी आली कुठून?’ याचं उत्तर पायाखाली असतं.

डिसेंबर-जानेवारीत घेराखालची माती तीन-चार बोटं वरवर हलवा. कोष उन्हात उघडे पडतात, बाकीचं काम साळुंक्या आणि भारद्वाज करतात. खोल खणू नका, आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात आणि मोहोराच्या दिवसांत ती तुटलेली झाडाला सोसत नाहीत. आमच्यासारखी कातळावरची बाग असेल तर खणायला माती असतेच कुठे? तिथे मी जाळीवाल्या कलमांखालचा पातेरा, म्हणजे गळलेला पाला, तेवढा ओढून खताच्या खड्ड्यात टाकतो आणि वर शेण-माती घालतो. बाकीच्या कलमांखालचा पातेरा राहू देतो, तो ओल धरतो.

ही पायरी सगळ्यात दुर्लक्षित, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडूनही दर दोन वर्षांतून एकदा राहते.

सहावं: फवारणी

वरचं सगळं करूनही दोन-तीन ठिपक्यांची कलमं पुष्कळ असतील तरच. आणि जाळ्या ओढल्यानंतर, आधी नाही.

अळ्या लहान आहेत, पान खरवडण्याच्या अवस्थेत आहेत, तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, शंभर लिटर करायचं, त्यात थोडं साबणाचं पाणी. दुसरा पर्याय बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. तो अळीच्या पोटात गेला तरच काम करतो आणि उन्हाने मरतो, म्हणून संध्याकाळी मारा. दोन्हींचा परिणाम सावकाश दिसतो. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून लगेच दुसरं औषध मारू नका, त्या खातायत का ते बघा.

रासायनिक औषधाबद्दल माझं मत असं: जाळीसाठी वेगळी फेरी मारूच नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवीवर तुडतुड्यांसाठी पहिली फवारणी आपण तशीही करतो, डेल्टामेथ्रीन किंवा लॅम्डा सायहॅलोथ्रीन गटातली. त्या फेरीच्या आधल्या आठवड्यात जाळ्या ओढून ठेवल्या की उघड्या पडलेल्या अळ्यांचाही हिशोब त्याच पिंपात होतो. प्रमाण लेबलवर लिहिलंय तेवढंच. याच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की कोळी आणि फुलकिडे उसळतात, आणि कोकणात फुलकिड्यांनी आंब्याचं काय केलंय ते वेगळं सांगायला नको. मोहोर पूर्ण फुललेला असताना मारू नका. माश्या-मधमाश्या मेल्या तर फळ धरणार कसं?

फवारणाऱ्या माणसाचं बघा. आंब्यावर औषध वर मारलं जातं, म्हणजे ते खाली तोंडावर येतं. कपाशीतली गोष्ट आपल्याला लांबची वाटते, पण २०१७ मध्ये यवतमाळला फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते. टोपी, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि वाऱ्याकडे पाठ.

जाळी खोडावर असेल तर

ही दुसरी अळी, साल खाणारी. आंब्याबरोबरच पेरू, बोर, जांभूळ, शेवगा, आणि अंगणातले गुलमोहर, शिरीष यांच्यावरही. फांदी फुटते त्या बेचक्यात विष्ठा आणि सालीच्या भुश्याची, नागमोडी, चामड्यासारखी जाळी दिसते. दिवसा अळी बेचक्यातल्या भोकात बसते, रात्री त्या जाळीखालून फिरून साल खाते. जाळी ब्रशने खरवडा, भोक सापडेल. त्यात सायकलच्या चाकाची तार घालून फिरवा, रॉकेल किंवा पेट्रोलचा छोटा बोळा आत सारून भोक मातीने लिंपा. आठ दिवसांनी परत बघा. ताजा भुसा आला तर पुन्हा. जुन्या पत्रकांत बोळ्यासाठी डायक्लोरव्हॉस लिहिलेलं सापडेल. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, कुणाच्या माडीवर जुनी बाटली असली तरी वापरू नका.

कुठे थांबायचं

आकडी जमिनीवरून पोचत नाही तिथे थांबा. पावसाळ्यानंतर कलमाच्या फांद्यांवर शेवाळ असतं. दोन झुपक्यांसाठी चढून माणूस पडलेला मी बघितलाय, त्याच्या कमरेचा खर्च दहा वर्षांच्या आंब्यातून निघाला नाही. उंच झाडाला रोजचा चढणारा, दोर बांधून काम करणारा माणूस बोलवा.

झाडावरून किंवा शेजारून विजेची तार जात असेल तर बांबूसुद्धा वर करू नका. ओला बांबू वीज वाहून नेतो. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय तिथे कुणालाच पाठवायचं नाही.

शहरात, सोसायटीत किंवा रस्त्याकडेला झाड असेल तर जाळ्या ओढायला हरकत नाही, पण फांदी तोडण्याआधी महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या उद्यान विभागात अर्ज द्या. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा नागरी भागात लागू आहे. आणि सोसायटीच्या आवारात, खाली मुलं खेळतात तिथे, स्वतः रासायनिक फवारणी करू नका. परवानाधारक माणूस बोलवा. विहीर, पाण्याची टाकी किंवा मधाच्या पेट्या जवळ असतील तरीही तेच.

फवारल्यावर कुणाला मळमळ, चक्कर, डोळे चुरचुरणं किंवा श्वासाला त्रास झाला तर काम तिथेच सोडा. कपडे काढून साबणाने अंघोळ, आणि औषधाची बाटली लेबलसकट बरोबर घेऊन थेट दवाखाना. लिंबू-सरबत पाजून वाट बघत बसू नका.

दोन हंगाम ओढणी, छाटणी आणि माती हे तिन्ही नीट करूनही निम्म्याहून जास्त कलमं तीन ठिपक्यांची राहिली, किंवा जाळीबरोबर फांद्या टोकाकडून वाळू लागल्या, खोडातून डिंक आणि भुसा यायला लागला, तर हे एका अळीचं काम राहिलेलं नाही. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहाय्यक) बाग दाखवा. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे. आमच्या भागातल्यांना दापोलीचं कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र किंवा जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र आहे. जाताना मोबाइलवरच्या फोटोवर भागवू नका. जिवंत अळीसकट एक ताजा झुपका झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात घाला, सोबत निरोगी शेंड्याची फांदी घ्या, आणि यंदा काय काय, कोणत्या तारखेला मारलं त्याची चिठ्ठी. पहिला प्रश्न तिथे तोच विचारतात.